अंधाराचे पट्टे: ‘द लाँग नाइट’च्या रात्री पडद्यावर काय बिघडलं?

२८ एप्रिल २०१९, रविवार. अमेरिकेत एचबीओवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या हंगामाचा तिसरा भाग, ‘द लाँग नाइट’, दाखवला गेला. आपल्याकडे तोच भाग हॉटस्टारवर सोमवारी सकाळी साडेसहाला आला. ८२ मिनिटांचा, मालिकेतला सगळ्यांत लांब भाग. उत्तर आयर्लंडच्या थंडीत तब्बल ५५ रात्री लढाईचं चित्रीकरण चाललं होतं. एचबीओच्या आकड्यांनुसार त्या रात्री वाहिनी, पुनःप्रक्षेपण आणि स्ट्रीमिंग धरून अमेरिकेत १ कोटी ७८ लाख लोकांनी तो पाहिला. आणि भाग संपायच्या आतच तक्रारींचा पाऊस सुरू झाला: दिसत काहीच नाही.

या तक्रारींत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या प्रकरणातलं काहीच नीट कळत नाही. पहिली तक्रार: चित्र फार काळोखं आहे, कोण कोणाला मारतंय ते समजत नाही. दुसरी: जे दिसतंय ते खराब आहे. आकाशात नकाशावरच्या उंचीरेषांसारखे पट्टे, धुक्यात चौकोन, काळ्या भागात थरथरणारे डाग. पहिली तक्रार दिग्दर्शक मिगेल सापोच्निक आणि छायालेखक फेबियन वॅग्नर यांच्या निवडीबद्दल आहे. ती आवडावी की नाही हा ज्याच्या त्याच्या रुचीचा भाग. दुसरी तक्रार कॉम्प्रेशनबद्दल, म्हणजे पाठवण्यासाठी व्हिडिओ दाबून लहान करण्याबद्दल, आहे. ती मोजता येते, समजावता येते, आणि इथे तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

वॅग्नर यांनी मुलाखतींमध्ये बाजू मांडली ती साधारण अशी: चित्र आम्हाला हवं तितकंच काळोखं होतं, लोकांचे टीव्ही नीट जुळवलेले नसतात, हा भाग अंधाऱ्या खोलीत पाहायला हवा, आणि शिवाय कॉम्प्रेशननेही नुकसान केलं. खरं तर अंधार करून बसण्याचा सल्ला आणि कॉम्प्रेशनची खराबी यांचं एकमेकांशी वाकडं नातं आहे. त्याकडे पुढे येतो.

किती सामान, किती जागा

१९२० × १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट दिले आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर सेकंदाला सुमारे १४ कोटी ९० लाख बाइट होतात. ८२ मिनिटांचे साधारण ७३५ जीबी. हेच चित्र ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० लाख बिट, या दराने पाठवलं (आठ बिटांचा एक बाइट) तर पूर्ण भाग ३ जीबीत बसतो. म्हणजे मूळ सामानाचा सुमारे दोनशे चाळिसावा भाग. दर पिक्सेलला हिशेब लावला तर एक दशांश बिट. एक अख्खा बिटसुद्धा नाही, दहा पिक्सेलमध्ये मिळून एक.

५ एमबीपीएस हा आकडा मी हिशेबाला सोयीचा म्हणून घेतलाय, पण तो हवेतला नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५ मध्ये आपली तोवरची ठरलेली शिडी, म्हणजे एकाच व्हिडिओच्या कमी-जास्त दर्जाच्या आवृत्त्यांची यादी, जाहीर केली होती. ती २३५ केबीपीएसला ३२० × २४० पासून सुरू व्हायची आणि ५८०० केबीपीएसला १९२० × १०८० वर संपायची. २०१९ मध्येही एचडी स्ट्रीमिंग साधारण याच पट्ट्यात चालायचं.

या दहा पिक्सेलमागे एका बिटात चित्र बसतं ते तीन प्रकारच्या काटकसरीमुळे. पहिली रंगाची: डोळा उजेडातले बारकावे टिपतो तितके रंगातले टिपत नाही, म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवायची आणि रंगाची चार पिक्सेलमागे एकदाच. इथेच निम्मं सामान उतरतं, आणि फारसं कुणाला कळतही नाही. दुसरी काळाची: पुढची फ्रेम बहुतेक आधीच्या फ्रेमसारखीच असते, तेव्हा ‘हा तुकडा तिथून उचल, इतका सरकव’ एवढंच लिहायचं आणि उरलेला फरक पाठवायचा. तिसरी तुकड्याच्या आतली, आणि आपल्या प्रकरणातला गुन्हा घडतो तो या तिसऱ्या ठिकाणी.

आठ पिक्सेलचं धुकं

तेव्हा स्ट्रीमिंगचा राजमार्ग होता एच.२६४, २००३ मध्ये आलेलं मानक. आजही कोट्यवधी फोन आणि टीव्हींवर तेच चालतं. ते फ्रेमचे १६ × १६ पिक्सेलचे तुकडे करतं, त्यांना मॅक्रोब्लॉक म्हणतात. आधी शेजारच्या किंवा मागच्या फ्रेममधल्या मजकुरावरून अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तेवढा फरक ४ × ४ किंवा ८ × ८ च्या चौकोनांत घ्यायचा आणि त्याचं रूपांतर करायचं: पिक्सेलच्या किमतींऐवजी ‘सरासरी किती, डावीकडून उजवीकडे चढ किती, बारीक खरखर किती’ असे आकडे. याच्या मुळाशी आहे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तो १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केला. नासिर अहमद मूळचे बंगळूरचे, तेव्हा कॅन्सस स्टेट विद्यापीठात. या संशोधनासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते, ते मिळाले नव्हते. जेपीजी फोटोपासून आजच्या वेब सिरीजपर्यंत सगळं ज्या गणितावर उभं आहे, त्याची ही सुरुवात. एच.२६४ त्याचीच पूर्णांकांवर चालणारी, हलकी आवृत्ती वापरतं.

रूपांतराने काहीच कमी होत नाही. कमी होतं ते पुढच्या पायरीला, क्वांटायझेशनला. प्रत्येक आकड्याला एका ठरावीक अंतराने भागायचं आणि बाकी टाकून द्यायची. हे अंतर क्यूपी नावाच्या ० ते ५१ च्या आकड्यावरून ठरतं: क्यूपी ६ ने वाढला की अंतर दुप्पट. २२ ला अंतर ८, २८ ला १६, ३४ ला ३२.

आता प्रत्यक्ष धुकं घेऊ. लढाई जिथे होते त्या विंटरफेल किल्ल्याच्या तटावरून दिसणारं, जेमतेम उजळणारं आकाश. एका ८ × ८ चौकोनातली प्रत्येक ओळ अशी समजा:

२४, २४, २५, २५, २६, २६, २७, २७

शेजारच्या चौकोनात तोच चढ पुढे चालू: २८ ते ३१. समजायला सोपं जावं म्हणून अंदाज बांधण्याची पायरी बाजूला ठेवतो.

पहिल्या चौकोनाची सरासरी २५.५. डावीकडून उजवीकडच्या चढाचा आकडा रूपांतरानंतर साधारण ८.७५ येतो. क्यूपी २८ असेल तर अंतर १६. ८.७५ भागिले १६ म्हणजे ०.५५ च्या आसपास. शाळेतल्या नियमाने हा १ व्हायला हवा. पण एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारे प्रोग्राम, अर्ध्याच्या वर गेलं म्हणून लगेच वर ओढत नाहीत. छोट्या आकड्यांना शून्याकडे ढकललं की बिट वाचतात, म्हणून शून्याभोवतीची हद्द मुद्दाम रुंद ठेवलेली असते. तेव्हा उत्तर शून्य. चढ गेला. उरली सरासरी. तीही १६ च्या अंतरावर बसवताना २५.५ ची २६ झाली. शेजारच्या चौकोनाची २९.५ ची ३०.

मूळ चित्रात सोळा पिक्सेलभर हळूहळू चढणारं धुकं होतं. आता आठ पिक्सेल सपाट २६ आणि आठ पिक्सेल सपाट ३०, मध्ये एक कडक पायरी. एच.२६४ मध्ये अशा सांध्यांवर हात फिरवणारा डीब्लॉकिंग फिल्टर असतो आणि तो सांध्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन पिक्सेल मऊ करतोही. पण पायरी तशीच राहते, फक्त तिची धार बोथट होते. असे चौकोन आकाशभर एकाशेजारी एक लागले की आपल्याला दिसतात ते पट्टे. त्यालाच बँडिंग म्हणतात.

४ ने काय होतं?

२६ आणि ३० मधला फरक ४. २५५ पर्यंतच्या पट्टीत ४ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. इथे व्हिडिओची पट्टी कशी आखली आहे ते पाहायला हवं.

८ बिटांच्या, म्हणजे ० ते २५५ आकड्यांच्या, व्हिडिओत काळा ० वर नसतो, १६ वर असतो. पांढरा २३५ वर. हे आकडे १९८२ च्या बीटी.६०१ या मानकापासून चालत आलेत, काचेच्या जाड नळीच्या टीव्हीच्या काळापासून. १६ ते २३५ मध्ये २२० पायऱ्या. पायरीचा आकडा आणि पडद्यातून निघणारा उजेड यांचं नातं सरळ रेषेचं नाही. उजेड साधारण २.४ व्या घाताने वाढतो. पांढऱ्याला १०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) देणाऱ्या पडद्यावर २ निटच्या खालच्या सगळ्या अंधाराच्या वाट्याला या पट्टीतल्या सुमारे ४४ पायऱ्याच येतात. ‘द लाँग नाइट’ची कित्येक दृश्यं, आगीच्या ज्वाळा सोडल्या तर, जवळजवळ पूर्ण याच ४४ पायऱ्यांत राहतात. २२० रंगछटांचं सामान आणून त्यातल्या ४४ वर लढाई रंगवायची, असं काहीसं.

आणि या तळाच्या पायऱ्या उंच आहेत. २०० वरून २०१ वर गेलात तर उजेड सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतो. १०० वरून १०१ वर गेलात तर तीन टक्क्यांच्या आतबाहेर. ३० वरून ३१ वर गेलात तर १८ टक्के. आपल्या उदाहरणात २६ वरून ३० वर उडी आहे: काळ्या १६ पासून मोजलं तर १० चे १४ झाले, आणि १.४ चा २.४ वा घात म्हणजे सव्वादोन. पायरीच्या एका बाजूपेक्षा दुसऱ्या बाजूला सव्वादोन पट उजेड. तीच ४ ची उडी दिवसाच्या आकाशात, १९६ वरून २०० वर झाली असती, तर फरक पाच-साडेपाच टक्के आला असता आणि बहुतेकांच्या लक्षातही आला नसता.

यातून एक गैरसमज तयार होतो. चर्चांमध्ये सर्रास लिहिलं जातं की दोष ८ बिटांचा, १० बिट असते तर प्रश्नच नव्हता. अर्धंच खरं. साधी ब्लू-रे डिस्कही ८ बिटांचीच असते, बहुतेक वेळा एच.२६४ चीच असते, पण तिला व्हिडिओसाठी ४० एमबीपीएसपर्यंत जाता येतं. एवढे बिट असले की क्यूपी खाली राहतो, अंतर ४ किंवा ५ वर येतं आणि ८.७५ चा आमचा चढ शून्य होत नाही. ८ बिटांची पट्टी अंधारात ओबडधोबड आहे हे खरं, पण त्या रात्री लोकांना दिसल्या त्या पट्टीच्या मूळ पायऱ्या नव्हत्या. क्वांटायझेशनने चार-चार पायऱ्या एकत्र चिकटवून केलेले जिने होते.

मग नेमका हाच भाग का?

अंधार याआधीही टीव्हीवर आलाच होता. त्याच मालिकेतल्या आधीच्या रात्रीच्या लढायांवर एवढा गदारोळ झाला नव्हता. इथे अंधाराला जोड मिळाली ती एन्कोडरच्या दोन जुन्या शत्रूंची: धूर आणि हिमकण.

एन्कोडरची सगळी काळाची काटकसर ‘तुकडा तिथून उचल, इतका सरकव’ यावर चालते. घोडा धावतोय, कॅमेरा फिरतोय, तर ते जमतं. उडणारा बर्फ, ठिणग्या, वळत जाणारं धुकं, अंगावर अंग चढून येणारी मुडद्यांची फौज यांत आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखं फारसं नसतंच. प्रत्येक फ्रेम जवळपास नव्याने लिहावी लागते. त्यावर झटपट कट. नव्या दृश्याची पहिली फ्रेम तर पूर्णच नवी.

स्ट्रीमिंगमध्ये बिटरेटला वरची मर्यादा घातलेली असते, कारण पाहणाऱ्याच्या फोनमधला बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला साठा, रिकामा होता कामा नये. एन्कोडर दर काही सेकंदांच्या खिडकीत हिशेब ठेवतो आणि महिनाअखेरीला हात आखडावा तसा, शिल्लक संपत आली की क्यूपी चढवत नेतो. म्हणजे पडद्यावर गर्दी वाढली की क्वांटायझेशनचं अंतर वाढतं, आणि ते सगळ्या फ्रेमसाठी वाढतं. तलवारीच्या खणखणाटात बिट संपतात आणि मागच्या शांत आकाशाला त्याची शिक्षा होते. क्यूपी २८ वरून ३४ वर गेला की आमच्या ८.७५ ला ३२ ने भागायचं. तिथे चढ वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

शांत प्रसंगांत वेगळाच खेळ होतो. एच.२६४ मध्ये स्किप नावाची सोय आहे: आधीच्या फ्रेममधला तुकडा जसाच्या तसा घे, काहीच पाठवू नको. जवळपास फुकट. हळू सरकणाऱ्या काळोख्या धुक्यात दोन फ्रेममधला फरक एखाद्या पायरीचा असतो. एन्कोडरच्या हिशेबात तो पाठवण्यालायक नसतो, म्हणून तो स्किप लावतो, पुन्हा स्किप लावतो. धुकं जागच्या जागी गोठतं. मग काही सेकंदांनी नवी पूर्ण फ्रेम, कीफ्रेम, येते आणि साचलेला सगळा बदल एका झटक्यात दिसतो. धुक्याने उचकी दिल्यासारखं. लढाई सुरू होण्याआधीचा, फौज अंधाराकडे डोळे लावून उभी असलेला भाग आठवा. अशा फ्रेम या आजाराला फार सोप्या बळी पडतात.

एन्कोडरला हे कळलं का नाही?

कारण ते ज्या फूटपट्टीने मोजतात तिला हे दिसत नाही. प्रकरणाचा सगळ्यांत रंजक भाग मला हाच वाटतो.

चित्र किती बिघडलं हे मोजायची सगळ्यांत जुनी आणि सोपी रीत पीएसएनआर. प्रत्येक पिक्सेलची मूळ किंमत आणि नवी किंमत यांतला फरक घ्यायचा, वर्ग करायचा, सरासरी काढायची, डेसिबलमध्ये मांडायचं. आमच्या पहिल्या चौकोनाला लावून बघा. मूळ ओळ २४ ते २७, नवी ओळ सपाट २६. फरक: २, २, १, १, ०, ०, १, १. वर्गांची बेरीज १२, सरासरी दीड. पीएसएनआर ४६ डेसिबलच्या वर. या धंद्यात ४५ च्या वर गेलं की ‘मूळ आणि नक्कल ओळखू येणार नाही’ असं धरतात. म्हणजे ज्या चौकोनात चढ पूर्ण नाहीसा झाला, ज्याच्या कडेला सव्वादोन पटींची पायरी उभी राहिली, त्याला फूटपट्टी पहिल्या श्रेणीत पास करते.

असं होतं कारण पीएसएनआरला ३० आणि ३१ मधलं अंतर आणि २०० आणि २०१ मधलं अंतर सारखंच वाटतं. आणि सपाट भागातली एक पिक्सेल जाडीची रेघ पडदाभर पसरली की डोळा तिला लगेच पकडतो, हेही तिच्या गावी नसतं. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने व्हीमॅफ ही जास्त शहाणी फूटपट्टी खुली केली, माणसांनी दिलेल्या गुणांवर शिकवलेली. ती पीएसएनआरपेक्षा पुष्कळ बरी, पण पट्ट्यांच्या बाबतीत तिचीही नजर कमजोरच ठरली. शेवटी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सलाच केवळ बँडिंग शोधण्यासाठी कॅम्बी नावाचं वेगळं मोजमाप आणावं लागलं.

डोळ्यांनी तपासणारी माणसं असतातच, पण ती कुठे बसून तपासतात ते महत्त्वाचं. स्टुडिओतला माणूस मास्टर पाहतो: जुळवलेला महागडा मॉनिटर, जवळजवळ न दाबलेली फाइल. वॅग्नर यांना ‘चित्र फार काळोखं नव्हतं’ असं ठामपणे म्हणता येतं ते त्यामुळेच, आणि त्यांच्या पडद्यापुरतं ते खरंच होतं. घरातल्या माणसाकडे शिडीची कुठली पायरी पोहोचेल हे मात्र कुणीच ठरवत नाही. भाग काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो, प्रत्येक तुकड्याच्या पाच-सात आवृत्त्या सर्व्हरवर असतात, आणि प्लेयर नेटचा वेग व बफर पाहून दर तुकड्याला एक निवडतो. लाखो लोक एकाच मिनिटाला एकच गोष्ट उघडतात तेव्हा खालच्या पायरीवर घसरणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. सगळ्यांत वरच्या पायरीवर जेमतेम निभावणारं धुकं तिसऱ्या पायरीवर चौकटींची गोधडी होतं.

अंधार करून बसा, या सल्ल्याचं काय

सल्ला चुकीचा नाही. उजेडाच्या खोलीत पडद्यावर पडणारं प्रतिबिंबच २ निटपेक्षा जास्त असतं. त्याखाली ४४ च्या ४४ पायऱ्या बुडून जातात. भारतात सकाळी साडेसहाला, खिडकीतून ऊन येत असताना, फोनवर हा भाग पाहणाऱ्यांनी ‘काही दिसत नाही’ म्हटलं ते अक्षरशः खरं असणार.

पण दिवे मालवले, पडदे ओढले, की डोळा अंधाराला सरावतो. आता बुडालेल्या पायऱ्या वर येतात: पाठीमागची फौज दिसू लागते आणि तिच्याबरोबर २६ वरून ३० वरची उडीही दिसू लागते. टीव्ही जितका चांगला तितकं हे जास्त. स्वस्त एलसीडीत मागचा दिवा काळ्यातूनही झिरपतो आणि पट्ट्यांवर राखाडी पांघरूण घालतो. ओएलईडीत काळा खरोखर काळा, त्यामुळे १८, २० वरचे डाग अंधारात टिंबटिंब चमकतात. लाखभर रुपयांचा टीव्ही घेऊन, खोलीत मिट्ट काळोख करून, म्हणजे छायालेखकाने सांगितलेलं सगळं निष्ठेने पाळून बसलेल्या माणसाला सगळ्यांत वाईट पट्टे दिसले. त्याची चिडचिड मला पूर्ण पटते. टीव्ही ‘नीट न जुळवल्याचा’ दोष नेमका त्याच्यावर लागू होत नव्हता.

काय करता आलं असतं

सगळ्यांत ढोबळ उपाय, बिटरेट वाढवा. प्रत्येकाला फक्त १ एमबीपीएस जास्त दिला तर ८२ मिनिटांत माणशी ६१५ एमबी वाढतात. दहा लाख लोकांमागे ६१५ टीबी. हा खर्च कंपनी एका रात्रीपुरता सोसेलही, पण ज्याच्या घरी नेटच ३ एमबीपीएस येतं त्याला याचा काडीचा उपयोग नाही.

त्याहून शहाणा उपाय, आहेत तेच बिट नीट वाटा. एक्स२६४ या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मुक्त एन्कोडरमध्ये ॲडॅप्टिव्ह क्वांटायझेशन असतं: गुंतागुंतीच्या तुकड्यांचा क्यूपी वाढवायचा, सपाट तुकड्यांचा कमी करायचा, कारण गर्दीत चूक लपते आणि सपाटीवर उघडी पडते. त्याचा तिसरा मोड तर खास अंधाऱ्या भागांकडे झुकतं माप देणारा आहे. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि एन्कोडर लिहिणाऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं. पण हा मोड लावला की पीएसएनआर थोडा घसरतो. आकड्यांवर चालणाऱ्या कारखान्यात घसरलेला आकडा समजावून सांगणं अवघड असतं.

प्रत्येक दृश्याचा स्वतंत्र विचार हाही एक मार्ग. नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये प्रत्येक चित्रपटाला वेगळी शिडी द्यायला सुरुवात केली आणि पुढे ते एकेका शॉटपर्यंत गेले. रात्रीच्या आकाशाच्या शॉटला मुळात फार बिट लागतच नाहीत, फक्त शेजारच्या तलवारबाजीने ते पळवू नयेत एवढं बघावं लागतं.

नॉइजचं नातं यात सगळ्यांत उलटं आहे. कॅमेऱ्याची बारीक खरखर हे कॉम्प्रेशनचं सर्वांत महाग सामान, कारण तिचा अंदाज बांधताच येत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी एन्कोड करण्याआधी ती पुसून टाकतात. पण अंधारात हीच खरखर पायऱ्या झाकते: २६ आणि २७ चे पिक्सेल विखरून मिसळले की डोळ्याला साडेसव्वीस दिसतं. ती पुसली की पायऱ्या उघड्या. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या कोडेकने (व्हिडिओ दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीने) यावर छान तोड काढली: मूळ खरखर काढून टाकायची, तिचं फक्त वर्णन पाठवायचं, आणि तसलीच नवी खरखर प्लेयरमध्ये तयार करून चित्रावर पसरायची. एव्ही१ च्या मुख्य प्रोफाइलमध्ये १० बिटही सुरुवातीपासून आहेत. पण एप्रिल २०१९ मध्ये ते वाजवणारी चिप जवळपास कुठल्याच टीव्हीत नव्हती.

१० बिटांचा मार्ग मात्र तेव्हा खुला होता. एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या, २०१३ च्या मानकाचं १० बिटांचं प्रोफाइल बहुतेक ४के टीव्ही सहज वाजवत होते. १० बिटांत पायऱ्या चौपट बारीक, आणि आतलं गणितही जास्त नेमकं, त्यामुळे तितक्याच बिटरेटमध्ये चढ टिकण्याची शक्यता जास्त. पण एचबीओची स्ट्रीमिंग सेवा तेव्हा १०८० वर थांबलेली होती. ४के आणि एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त रुंद पट्टी) नंतर आलेल्या एचबीओ मॅक्स या सेवेवर डिसेंबर २०२० मध्ये आलं. सगळ्या जगाने पाहावा म्हणून रात्रीची लढाई काढायची आणि ती पोहोचवायची रीत मात्र दिवसाउजेडीच्या चित्रांसाठी ठरवलेली ठेवायची, ही या प्रकरणातली खरी चूक. वॅग्नर यांच्या कॅमेऱ्यात किंवा प्रेक्षकाच्या रिमोटमध्ये ती शोधण्यात अर्थ नाही.

२ ऑक्टोबर २०२२ ला याच घराण्यातल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या सातव्या भागावर पुन्हा हेच रामायण झालं. दिग्दर्शक पुन्हा सापोच्निक. तक्रार करणाऱ्यांना एचबीओ मॅक्सच्या मदत खात्याने उत्तर दिलं की दृश्य मंद ठेवणं हा जाणीवपूर्वक घेतलेला कलात्मक निर्णय होता. समुद्रकिनाऱ्यावरची ती दृश्यं दिवसा चित्रित करून नंतर रात्रीसारखी काळी केलेली होती, त्यामुळे तिथे हे उत्तर बऱ्याच अंशी लागू पडतं. २०१९ च्या पट्ट्यांना ते लागू पडलं नसतं.

दोन्हींतला फरक घरच्या घरी ओळखता येतो. संशय येईल ती फ्रेम थांबवा आणि टीव्हीचा ब्राइटनेस नेहमीपेक्षा बराच वर न्या. चेहऱ्यांच्या कडा, भिंतीचे दगड, धुक्याचा सलग चढ वर आला, तर माहिती तिथे होती. अंधार ज्याने केला त्याला तो हवा होता, आणि भांडायचं तर दिग्दर्शकाशी. त्याऐवजी सपाट चौकोन आणि कड्याकड्यांचे जिने वर आले, तर ब्राइटनेस कितीही चढवा, तिथे पाहायला काही शिल्लक नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन दर्जा ‘ऑटो’वरून सर्वांत वरच्या पायरीवर बांधा आणि तीच फ्रेम पुन्हा पाहा. जिने गेले तर दोष तुमच्या नेटच्या वेगाचा. वरच्या पायरीवरही ते तसेच असतील, तर तक्रार सेवेकडेच करा, आणि करताना भाग, मिनिट आणि सेकंद लिहून पाठवा. ‘काही दिसत नाही’ या ओळीचा एन्कोडिंग करणाऱ्याला उपयोग होत नाही, ‘एकोणिसाव्या मिनिटाला आकाशात पट्टे’ याचा होतो.